शेवटच्या बाकावरची पाचवी जागा

शाळेला लेखी काही कळवू नये, हा शहाणपणा मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आला. त्यापायी माझी अब्रू गेली, मुलीची मधली सुट्टी गेली आणि घरात तीन आठवडे गाजराशिवाय काही शिजलं नाही. माझी उजवी टाचही अजून दुखतेय, पण तिचा यात काय संबंध ते नंतर सांगतो.

सुरुवात अगदी साधी होती. आमची मुलगी नववीत आहे. घरात आम्ही तिला मुंगी म्हणतो. चौदावं लागल्यापासून चारचौघांत तसं म्हणायला बंदी आहे. एके दिवशी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "मला फळ्यावरचं नीट दिसत नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"आणि सांगतेस आत्ता?"

यावर तिने हल्ली ती घेते तसा एक लांब श्वास घेतला. त्या श्वासात मी, माझं वय, माझी प्रश्न विचारायची पद्धत, सगळं येतं. मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

इथे मुंगीच्या कंपूबद्दल सांगायला हवं. चार मुली आणि मुंगी. त्यांच्या वर्गात शेवटचं बाक बाकीच्या बाकांपेक्षा लांब आहे, त्यावर पाच जणी बसतात. मुंगी भिंतीकडच्या टोकाला, म्हणजे अर्धी बाकावर आणि अर्धी हवेत. त्या चौघींना चष्मा आहे, मोठ्या गोल काचांचा, काळ्या काड्यांचा. स्वतःला त्या 'काचवाल्या' म्हणवतात. त्यांचे फोटो मुंगी आईच्या मोबाइलवर मागवून घेते. ते मी पाहिले आहेत. पायऱ्यांवर चौघी, नळाशी चौघी, फळ्यापुढे चौघी. एकाही फोटोत मुंगी नाही. "तू कुठे आहेस यात?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मग फोटो कोण काढणार?" जिला चष्मा नाही तिने फोटो काढायचा, असं ठरलं होतं म्हणे. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण त्या सुमारास मी माझ्याच एका व्यापात होतो.

तो व्याप म्हणजे पांढरे बूट. सकाळी आम्ही सहा जण फिरायला जातो. सगळ्यांत पुढे कप्तान. हा गृहस्थ खरं तर पंपांच्या कारखान्यात फोरमन आहे, पण चालताना त्याच्यापुढे जायची कुणाची छाती नाही. त्याने जाड तळव्याचे पांढरे बूट घेतले. महिन्याभरात इतर चौघांनी तसेच घेतले. रांगेत माझेच तेवढे तपकिरी कॅनव्हासचे उरले, आणि मला उगाचच वाटायला लागलं की सगळे माझ्या पायांकडे बघतात. दुकानात गेलो तर माझ्या मापाचे संपलेले. एक नंबर लहान होते. दुकानदार म्हणाला, वापरून सैल होतात. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचाच होता.

असो. डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो. ही आणि मुंगी आत गेल्या, मी बाहेर फॉर्म भरत बसलो. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा आमच्या खानदानात कुणी नाही. मी नोंदणी कार्यालयात पडताळणीच्या टेबलावर बावीस वर्षं आहे. माझ्या टेबलावरून कागद पुढे गेला म्हणजे तो पक्का, असं कार्यालयात मानतात. निदान मी तरी मानतो.

दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. "किरकोळ आहे," ही म्हणाली. "चष्मा करून टाकू." हिच्या चेहऱ्यावर एक विशेष प्रकारची शांतता होती. सतरा वर्षांच्या संसारानंतर ती शांतता मला ओळखता यायला हवी होती. मुंगीने मात्र फ्रेम आधीच ठरवली होती. मोठ्या गोल काचा, काळ्या काड्या.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो आला. पायऱ्यांवर पाच जणी. कुणातरी वर्गमैत्रिणीला धरून काढून घेतला होता. मुंगी मधोमध होती आणि हसत होती. घरात ती इतकी मनापासून शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. तो फोटो तिने आईच्या मोबाइलच्या पडद्यावर लावला आणि मी तो पुनःपुन्हा बघितला. दोन आठवडे घरात आनंदीआनंद होता. दुसरा कुणी माणूस इथे हात जोडून गप्प बसला असता.

पण शाळेच्या डायरीत पान तीनवर नियम अकरा आहे: पाल्याच्या प्रकृतीत काही बदल झाल्यास पालकांनी तसे लेखी कळवावे. हा नियम मी वाचला. तो नियम छापल्यापासून वाचणारा मी बहुधा पहिलाच. मी रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, सोबत डॉक्टरांच्या कागदाची प्रत, तिच्यावर माझी सही आणि तारीख. शाळेच्या ऑफिसातल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, हे कुणी देत नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच गोंधळ होतात," मी म्हणालो, आणि पोच घेऊन अभिमानाने बाहेर पडलो.

पाचव्या दिवशी मुंगी शाळेतून आली. दप्तर ठेवलं, बूट काढले, आणि फार हळू आवाजात विचारलं, "बाबा, तू शाळेत काही दिलंस?"

ती हळू बोलते तेव्हा माझी पाचावर धारण बसते. मी अर्जाबद्दल सांगितलं. त्यावर तिने मला काय झालं ते सांगितलं. शाळेची दृष्टिदोष निवारण नावाची एक योजना होती. ती इतकी वर्षं निवारण करायला कुणी न मिळाल्यामुळे कपाटात पडून होती. माझ्या अर्जाने तिला जाग आली. योजनेनुसार मुंगीला पहिल्या बाकावर बसवलं होतं, बाईंच्या टेबलाला अगदी नाक लागेल असं. शिवाय रोज मधल्या सुट्टीत हॉलमध्ये डोळ्यांचे व्यायाम. पाचवीच्या बाईंनी हौसेने पाठवलेली सात मुलं आणि ही. खेळाचे सर शिट्टी वाजवणार आणि यांनी बुबुळं डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवायची.

"पण तुझ्या त्या चौघींना पण चष्मा आहे ना? त्या कशा मागे बसतात?"

"त्यांच्या घरून कुणी काही कळवलंच नाहीये," मुंगी म्हणाली. "कुणाच्याच घरून कळवत नाहीत, बाबा."

मी तिला समजावलं की नियम सगळ्यांना सारखे असतात. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि मग इमारत मदतीला धावली. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जिन्यात त्यांनी मुंगीचा चष्मा पाहिला आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले. त्यांच्या मते मुलांचे डोळे जातात ते लांबचं न बघितल्यामुळे. त्यांनी मुंगीला गॅलरीत उभं करून समोरच्या झाडाचं सगळ्यांत वरचं पान बघायला लावलं. "दिसतं?" "दिसतं." "बघा, लगेच फरक," ते मला म्हणाले. समोरच्या शिवणवाल्या काकूंनी गाजरं आणली. मग इतरांनीही आणली. गाजर किसून, उकडून, वाटून, पिळून आमच्या पोटात जायला लागलं. काकू दर दोन दिवसांनी येऊन मुंगीची पापणी वर करून बघायच्या आणि "उतरतोय नंबर" असं जाहीर करायच्या. मुंगी मूग गिळून बसायची. तिचा कधी नव्हे तो सोशिकपणा पाहून मला वाटायचं, पोरगी मोठी होतेय.

सकाळच्या गटातही विषय निघाला. कप्तान चालता चालता म्हणाला, "डोळ्यांचं सगळं मूळ पायात असतं. पाय मोकळे हवेत. अनवाणी चालव तिला." मी तेव्हा बोटं आखडून त्याच्यामागे खुरडत होतो. मी म्हटलं, खरंय.

तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी मुंगी आईचा मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तो तिने ओट्यावर पालथा ठेवला. मी तो उचलून पाहिला. शेवटचं बाक, पाच जणी. भिंतीकडच्या टोकाला एक नवीनच मुलगी होती, मोठ्या गोल चष्म्याची. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या शाळेतून आलेली.

"तुझी जागा?" मी विचारलं.

"मी मधल्या सुट्टीत हॉलमध्ये असते ना," मुंगी म्हणाली. "डबा ती त्यांच्याबरोबर खाते. आता माझ्याशी बोलायचं असलं तर त्यांना पुढे यावं लागतं. आणि पुढे कोण येतं?"

ताटं वाढली. गाजर होतं. मुंगीने ते बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला सगळं दिसतं."

"चष्म्याने दिसणारच," मी म्हणालो.

"चष्म्याशिवाय. फळा दिसतो, झाडाचं पान दिसतं, पलीकडच्या टाकीवरचा नंबर दिसतो. डॉक्टरांकडे मी मुद्दाम अक्षरं चुकवली." मग तिच्या डोळ्यांतून, त्या बिनदोष डोळ्यांतून, घळघळा पाणी यायला लागलं.

मी हिच्याकडे पाहिलं. ही शांतपणे वाढत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"डॉक्टरीणबाईंनी मला तिथेच बाजूला घेऊन सांगितलं. साधी काच द्या म्हणाल्या, दोन महिन्यांत कंटाळेल. या वयात अशा बऱ्याच जणी येतात."

"आई, तुला माहीत होतं?" मुंगीचं रडणं थांबलं. इतके दिवस आपण सगळ्यांना फसवतोय अशी तिची समजूत होती. माझी समजूत होती की घरात काय चाललंय ते मला ठाऊक असतं. आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत राहिलो.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी हिला विचारलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते कुठेतरी लेखी कळवलं असतं," ही म्हणाली.

मी उठून फाईल काढली. डॉक्टरांचा कागद. दोन्ही डोळ्यांपुढे शून्य, दशांशचिन्ह आणि पुन्हा दोन शून्यं. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात. त्याखाली ठेवलेल्या प्रतीवर माझी सही, माझी तारीख. आमच्या कार्यालयात कागद तपासणं म्हणजे सही, शिक्का आणि तारीख आहे की नाही ते बघणं. मजकूर वाचायचं काम दुसऱ्या टेबलाचं असतं. घरात दुसरं टेबल नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो. कारकुनाने मला ओळखलं. "नोंद रद्द करायचीय," मी म्हणालो.

त्याने रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. "साहेब, दोष आढळला असा रकाना आहे. दोष गेला असा रकाना नाही."

"दोष नव्हताच."

"तसा तर बिलकूलच नाही."

मग त्याने माझा अर्ज शोधला, डॉक्टरांचा कागद पाहिला, आणि बराच वेळ पाहतच राहिला. त्यावर माझी सही होती, शाळेचा शिक्का होता, त्याची स्वतःची सही होती आणि मुख्याध्यापिकांची हिरव्या शाईतली सही होती. "यात तर शून्य लिहिलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, हो. तो कागद घेऊन आत गेला आणि मग मलाही आत बोलावलं.

मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या, माझ्याइतक्याच दमलेल्या होत्या. "याचे दोनच अर्थ होतात," त्या म्हणाल्या. "एक तर मुलगी खोटं बोलली किंवा कागद कुणी वाचला नाही. जे असेल ते लिहून द्या. कारणाशिवाय नोंद रद्द होत नाही. आणि ते मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. सध्या चष्म्याचं एक खूळच आलंय या मुलींत, ते एकदा मोडायला हवं." शाळेच्या सह्यांबद्दल अर्जात काही लिहू नये, असंही त्यांनी तोंडी सुचवलं.

मी बाहेरच्या बाकड्यावर कागद घेऊन बसलो. मधल्या सुट्टीची घंटा झाली. समोर हॉलचं दार उघडं होतं. आत पाचवीतली सात पोरं रांगेत उभी होती आणि त्यांच्या शेवटी, त्यांच्याहून हातभर उंच, मुंगी. शिट्टी वाजली. सगळ्यांनी डोळे उजवीकडे फिरवले. मुंगीचेही फिरले आणि मी दिसलो. तिने मान वळवली नाही, ओळख दाखवली नाही. माझ्या मांडीवरचा कागद मात्र तिने पाहिला. दुसरी शिट्टी वाजली तरी तिचे डोळे डावीकडे गेले नाहीत.

खरं काय ते लिहायची मला बावीस वर्षांची सवय आहे. मुलगी खोटं बोलली, हे खरंच होतं. ते उद्या चाळीस पोरींसमोर वाचलं गेलं असतं, आणि चाळिसांपैकी पाच जणी शेवटच्या बाकावरच्या. पण कागद कुणी वाचला नाही, हेही तितकंच खरं होतं. मी लिहिलं: पडताळणीच्या कामाचा बावीस वर्षांचा अनुभव असूनही मी सदर कागद न वाचता शाळेस सादर केला, त्यामुळे माझ्या मुलीस नसलेल्या दोषाची नोंद झाली, चूक सर्वस्वी माझी आहे. खाली सही, तारीख. आयुष्यात पहिल्यांदा मी पोच घेतली नाही.

पुढच्या दिवशी संध्याकाळी मी कार्यालयातून येऊन बूट काढत होतो. आता मी कार्यालयातही तेच पांढरे बूट घालत होतो, लवकर सैल व्हावेत म्हणून. मुंगी आली आणि समोर बसली.

"वाचलं," ती म्हणाली. "मोठ्याने. दोनदा. बावीस वर्षांवर सगळे हसले. त्या चौघी तर सगळ्यांत जोरात." मग म्हणाली, "मी पण हसले, बाबा. त्यांच्याबरोबर."

मला लागलं. नाही कशाला म्हणू? "हसण्यासारखंच होतं ते," मी म्हणालो. "मग बसलीस परत मागे?"

"गेले होते. कुणी सरकलंच नाही. नवीन मुलगी जरा हलली, पण त्या चौघींनी हलू दिलं नाही. मग मी तिसऱ्या बाकावर बसले."

"तिथे कोण असतं?"

"आहे एक. सबंध तास वहीत छताचे पंखे काढते. पाती मोजून." तिने खांदे उडवले. "अर्धा डबा दिला मला. विचारलंसुद्धा नाही काही."

मी उजवा मोजा सोलल्यासारखा काढला. टाचेशी लाल झाला होता. मुंगीने मोज्याकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग बूट उलटा करून नंबर वाचला. तिला सगळंच दिसतं.

"हा तुला लहान आहे."

"सैल होईल."

"कधी?"

मी डावा मोजा काढायला लागलो.

"मग घालतोस कशाला?"

गेले दोन दिवस मी मनात एक भाषण तयार करत होतो. दुसऱ्यांसारखं दिसण्यासाठी माणसाने स्वतःला त्रास करून घेऊ नये, आपल्याला जी माणसं हवीत त्यांनी आपल्याला आहोत तसं घ्यावं, वगैरे. चांगलं भाषण होतं. जेवताना द्यायचं ठरवलं होतं.

"सगळे घालतात," मी म्हणालो.

मुंगी हसली नाही. ती आत गेली आणि बुटांचं खोकं घेऊन आली. तिने दोन्ही बूट त्यात घातले, नाकावरचा चष्मा काढून घडी करून बुटांच्या मध्ये ठेवला आणि झाकण लावलं. खोकं कपाटावर टाकलं. मग पलंगाखालून माझे कॅनव्हासचे जुने बूट ओढून काढले आणि त्यांवरची धूळ फडक्याने झटकली.

सकाळी मी ते घालून निघालो. कोपऱ्यावर पाच जण उभे होते, दहा पांढरे बूट. तिथपर्यंत पोचायला मला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. कप्तान म्हणाला, "उशीर केलास," आणि चालायला लागला. आम्ही नेहमीच्या तीन फेऱ्या मारल्या. मी रोजच्यासारखा शेवटी होतो.

परत आलो तर मुंगी दारातच उभी होती. शाळेचा गणवेश, खांद्यावर दप्तर, चष्मा नाही. निघायला उशीर होत होता तरी थांबली होती.

"काय म्हणाले सगळे?" तिने विचारलं.

तीन महिने मी त्या बुटांपायी पाय सोलून घेतले होते. खोटं सांगावंसं एकदा वाटलं. पण घरातलं खोटं आत्ता कुठे संपलं होतं.

"कुणी बघितलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

मुंगी माझ्या पायांकडे बघत क्षणभर उभी राहिली. तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. मला स्वतःला दोन्ही वाटत होतं. मग तिने दप्तर सावरलं, आत जाऊन आईकडून डब्यात दोन घास जास्तीचे भरून घेतले आणि जिना उतरून गेली.